पक्ष्याला पन्नास हजार, सरदाराला बॉनेट

मसल कारच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास येतं : 'काय नावं होती राव एकेकाची! आताच्या गाड्यांना नुसती अक्षरं आणि आकडे.' मीही हे वाक्य कित्येकदा टाकलंय. 'फास्ट अँड फ्युरियस'मधली डॉमची काळी चार्जर बघून ज्यांना या गाड्यांचं वेड लागलं, त्यातलाच मी एक. मस्टँग, बाराकुडा, रोड रनर, जज, डेमन. नुसतं नाव घेतलं तरी व्ही-एट इंजिनाची घरघर कानात सुरू होते.

मग एकदा ही नावं आली कुठून ते शोधायला बसलो. गाड्यांवरचं प्रेम तसंच राहिलं, भाबडेपणा मात्र गेला. ही नावं बंडखोरीतून, मोकळ्या रस्त्यांच्या स्वप्नातून आली, असं आपल्याला सांगितलं जातं. माझं म्हणणं वेगळं आहे. कुणाचं नाव विकत घ्यायचं, कुणाचं फुकट उचलायचं आणि कुणाला विचारायचंसुद्धा नाही, हे समोरच्याच्या ताकदीवरून ठरत होतं.

सुरुवात ज्या गाडीपासून मसल कारचं युग मोजतात तिच्यापासूनच करू. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचांचं दांडगं इंजिन बसवलं आणि या पॅकेजला नाव दिलं जीटीओ. या नावाचं श्रेय जॉन डिलोरियन या इंजिनियरला दिलं जातं. नाव सरळ फेरारीच्या १९६२च्या २५० जीटीओवरून घेतलेलं. 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो', म्हणजे शर्यतीसाठी रीतसर मंजुरी मिळालेली गाडी. पाँटिअ‍ॅकच्या गाडीला अशी कुठली मंजुरी नव्हती. फेरारीचे भक्त खवळले, पण शर्यतीच्या नियमांतल्या तीन अक्षरांवर मालकी कोण सांगणार? पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या.

आता जिथे मालक होता तिथे काय झालं ते बघा. १९६८ साली प्लिमथला आपल्या स्वस्त आणि मस्त गाडीसाठी 'रोड रनर' हे नाव हवं होतं. तो पक्षी वॉर्नर ब्रदर्सचा. प्लिमथने ५०,००० डॉलर मोजले, पक्ष्याचं चित्र गाडीवर लावलं आणि त्याच्यासारखा 'बीप बीप' करणारा हॉर्नही बसवला. पुढच्याच वर्षी पाँटिअ‍ॅकने फायरबर्डच्या खास मॉडेलला 'ट्रान्स अ‍ॅम' हे शर्यतींच्या मालिकेचं नाव दिलं. मालिका स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाची, म्हणून क्लबला प्रत्येक गाडीमागे ५ डॉलर. गंमत म्हणजे त्या गाडीचं ४०० क्युबिक इंचांचं इंजिन त्या शर्यतीच्या नियमात बसतच नव्हतं. तरी पैसे दिले, कारण नाव दुसऱ्याचं होतं. जर्मनीत 'मस्टँग' नावाचा हक्क क्रुप कंपनीकडे होता, तर फोर्डने तिथे आपली लाडकी मस्टँग मुकाट्याने 'टी-५' म्हणून विकली.

म्हणजे नावाला मालक असतो, हे या कंपन्यांना पक्कं ठाऊक होतं.

लोकांच्या भावना दुखावतात, हेही ठाऊक होतं. १९७१ साली डॉजने 'डेमन' काढली, बोधचिन्हावर त्रिशूळ घेतलेला छोटा सैतान. ख्रिस्ती गटांनी तक्रारी केल्या आणि १९७३च्या मॉडेलपासून तीच गाडी 'डार्ट स्पोर्ट' झाली. मोजून दोन वर्षं टिकला सैतान.

नवं नाव हवेतून काढणंही जमत होतं. शेवरोलेने १९६६ साली 'कॅमेरो' असंच काढलं. फ्रेंच बोलीत याचा अर्थ दोस्त, असं सांगितलं. पत्रकारांनी खोदून विचारलं, तर उत्तर मिळालं की हा मस्टँग खाणारा एक छोटा दुष्ट प्राणी आहे.

आता दुसरी बाजू. १९६९ची जीटीओ 'द जज'. हे नाव 'लाफ-इन' या टीव्ही कार्यक्रमात १९६८ मध्ये सॅमी डेव्हिस ज्युनियरने गाजवलेल्या न्यायाधीशाच्या विनोदावरून आलं. तो विनोद मुळात पिगमीट मार्कम या कृष्णवर्णीय नटाचा. रंगभूमीवर तो वर्षानुवर्षं तो करत आला होता. आज जजचे स्टिकर ओळखणारे हजारो सापडतील. मार्कम किती जणांना माहीत आहे?

आणि ज्या कंपनीने जज आणि ट्रान्स अ‍ॅम एकाच वर्षी काढल्या, तिचं स्वतःचं नाव काय? पाँटिअ‍ॅक. हा ओडावा जमातीचा नेता. १७६३ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या उठावात त्याने डेट्रॉइटच्या किल्ल्याला कित्येक महिने वेढा घातला होता. १७६९ मध्ये त्याचा खून झाला. ज्या डेट्रॉइटला त्याने वेढलं, त्याच डेट्रॉइटच्या उद्योगाने पुढे त्याला बॉनेटवर बसवलं.

कुणी म्हणेल, कंपनीचं नाव मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅक शहरावरून आलं. खरंय. पण बॉनेटच्या टोकावरचं ते पिसं लावलेलं डोकं शहराचं नव्हतं. १९२६ साली ही गाडी बाजारात आली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९२४ मध्ये, अमेरिकेतल्या सगळ्या मूळनिवासींना नागरिकत्व देणारा कायदा झाला होता. ते डोकं १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत गाड्यांवर राहिलं. 'चीफटन' आणि 'स्टार चीफ' ही मॉडेलची नावंही त्यातूनच निघाली.

'अरे, हा तर सन्मान आहे,' असं माझे मित्र म्हणतात. आपल्याकडे मानाचं आमंत्रण द्यायला यजमान घरी येतो. न विचारता कुणाचं मुंडकं गाडीला लावून विकायचं, याला मानपान म्हणत नाहीत. २०२१ साली चेरोकी नेशनचे प्रमुख चक हॉस्किन ज्युनियर यांनी जीपला स्पष्ट सांगितलं की, आमचं नाव गाड्यांवरून काढायची वेळ आली आहे. चेरोकी ही मसल कार नव्हे, पण प्रश्न तोच आहे. ज्यांचा सन्मान होतोय म्हणता, ते काय म्हणतात?

'तेव्हा काळच तसा होता,' हा दुसरा बचाव. त्याच काळात कार्टूनमधल्या पक्ष्यासाठी पन्नास हजार मोजले गेले आणि तक्रारी आल्या म्हणून सैतान गुंडाळला गेला. काळाला सगळं कळत होतं. कुणापुढे नमायचं, एवढंच तो निवडून ठरवत होता.

मी या गाड्यांचे पोस्टर फाडा म्हणत नाही. माझं स्वतःचं अजून भिंतीवर आहे. पण 'काय नावं होती' म्हणताना ती कुणाची होती, हेही सांगायला हवं. मस्टँग हा शब्द ज्या जुन्या स्पॅनिश शब्दावरून आला, त्याचा अर्थ आहे कळपातून भरकटलेलं, मालक नसलेलं जनावर. ज्याच्या मागे वकील दिसला नाही ते सगळं बेवारस, असा हा हिशोब होता.

पाँटिअ‍ॅक बेवारस नव्हता. त्याचे ओडावा लोक आजही मिशिगनमध्ये राहतात. त्या नावाची गाडी मात्र २०१० साली बंद झाली.