घरांतील कंपनी आणि आयकर

आमच्या ज्येष्ठ बंधूंच्या वाड्यांत त्यांच्या चिरंजीवांनीं लहानशी खासगी कंपनी थाटली आणि ओसरी वाढविण्याचा खर्च कंपनीच्या वह्यांत मांडला. भाडेपत्र मात्र नाहीं. ‘बापलेकांत कसला कागद?’ असें वहिनींचें म्हणणें. आम्हांस तें पटलें नाहीं. दुरुस्ती भाडेकरूनें सोसावी असें भाडेपत्रांत असल्यास डागडुजी कंपनीच्या उत्पन्नांतून वजा होते. नव्या बांधकामावर, वास्तू जणूं कंपनीचीच समजून, दरसाल उरल्या किंमतीच्या शेंकडा १० घसारा मिळतो. १९६१ च्या कायद्यांतील ही सोय २०२५ च्या कायद्यांतही राहिली आहे. पण कागद नसला, आणि बंधूंप्रमाणें घरधनी शेंकडा १० मतांचा भागधारक असला, तर तोच खर्च, संचित नफ्यापुरता, त्याचा लाभांश ठरूं शकतो. कर म्हाताऱ्याच्या माथीं! मुद्रांकाचा कागद आम्हींच आणला. वहिनी अद्याप आमच्याशीं बोलत नाहींत.