डबीतला गेंडा

दिवाळीची आवराआवर चालू असता फडताळाच्या तळाशी एक पितळी डबी हाती आली. तीत निजामाच्या काळचे, चारमिनारचे चित्र असलेले हाली शिक्के होते आणि त्यांच्या सोबतीला पंचवीस पैशांची काही पोलादी नाणी. आमच्या नातीने त्यांतले एक उचलून विचारले, "आजोबा, पैशावर गेंडा कशाला हो काढला?"

"विसरू नये म्हणून," आम्ही उत्तर दिले. पण त्याने आमचेच समाधान झाले नाही.

गेंड्याची ही पावली १९८८ साली निघाली आणि ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. नाणे गेले, गेंडा मात्र आसामच्या काझीरंगात नांदतो आहे. याच्या उलटही घडते. आफ्रिकेतील टांझानियाने १९७४ साली वन्यजीवरक्षणाच्या कार्यास साहाय्य म्हणून खास नाणी काढली. चांदीच्या नाण्यावर काळा गेंडा, सोन्याच्या नाण्यावर चित्ता. संग्राहकांनी ती जिवापाड जपली. पण १९७० साली आफ्रिकेत सुमारे ६५ हजार असलेले काळे गेंडे, शिंगाच्या लोभापायी, १९९५ च्या सुमारास अडीच हजारांच्याही खाली आले. आज ते पुन्हा सहा हजारांवर गेले आहेत, ते रानात रात्रंदिवस पहारा करणाऱ्या माणसांच्या बळावर.

आपल्या कर्नाटकातही, व्याघ्रप्रकल्पास पन्नास वर्षे झाली म्हणून, ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथे पन्नास रुपयांचे स्मारक नाणे प्रसिद्ध झाले. असे नाणे बाजारात फिरत नाही. आमच्या किती वाचकांनी ते पाहिले असेल? वाघ निदान उरला. चित्ता १९५२ साली भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ साली नामिबियाहून आठ चित्ते कुनोच्या रानात आणावे लागले.

ज्या काळविटांमागे तो चित्ता धावे, ती काळविटे बिदरच्या माळावर अजून दिसतात. मात्र हरभऱ्याच्या कोवळ्या रानात कळप शिरला की शेतकऱ्याच्या तोंडचा घास जातो. त्याने कपाळाला हात लावला तर त्याला दोष कोणी द्यावा? गावात बसून काळविटाचे कौतुक करणाऱ्या आम्हां मंडळींना त्यापायी एक पैही मोजावी लागत नाही. खरी किंमत तोच भरतो. त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, यासाठी आपण त्याच्या बाजूने चार शब्द बोललो, तर ते कोणत्याही स्मारक नाण्याहून मोलाचे ठरेल.

डबी आम्ही पुन्हा फडताळात ठेवली आहे. येत्या रविवारी मात्र नातीला घेऊन माळावर जाणार आहोत. नाण्यावर पाहण्याची पाळी येण्याआधी तिने काळवीट डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा.