जिंकल्याचा भास, बुडाल्याची खात्री

खान्देशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचे झोके, गौराईची गाणी, सालदाराच्या नव्या वर्षाचा करार आणि पारावर रंगणारा पत्त्यांचा डाव. त्या डावाचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु तो चारचौघांदेखत चाले आणि सण सरला की मोडत असे. आज जळगाव-धुळ्याच्या घरांतून भ्रमणध्वनीवर क्रिकेट सट्ट्याचा जो डाव मांडला जातो, त्याला ना तिथी, ना साक्षीदार, ना शेवट!

या सट्ट्याने स्वतःचे एक अर्थशास्त्रही निर्माण केले आहे. खेळासाठी वेगळे भांडवल काढावे, एका डावावर त्याचा अल्प अंशच लावावा, जिंकलेले पैसे उशिरा मिळत असतील तर दोन-तीन ठिकाणी खाती ठेवावीत, असा हा उपदेश. सुशिक्षित तरुणाला ही शिस्त वाटते. वस्तुतः ती बुडण्याचे वेळापत्रक आहे. नाणेफेकीसारख्या समसमान पैजेवर शंभर रुपयांना नव्वदच मिळत असतील, तर दर शंभरामागे सरासरी पाच रुपये सट्टेवाल्याचे. तेच शंभर रुपये चालू सामन्यात पन्नास वेळा फिरविले, की सरासरी तोटा अडीचशे रुपयांचा. रक्कम लहान ठेवल्याने हे गणित बदलत नाही, केवळ लांबते.

आणि जिंकलेले पैसे उशिरा का येतात? भरणा क्षणात होतो. परतफेडीलाच कागदपत्रे, तपासणी आणि 'दोन दिवस थांबा' आठवते. तोवर रक्कम पडद्यावर दिसत राहते, पुढचे षटक सुरू असते आणि काढण्याची विनंती रद्द करण्याची सोयही हाताशी असते. हा विलंब दोष नव्हे, हाच धंदा आहे.

महाभारतात याचे चित्र आहे. द्रौपदीला दिलेल्या वरांनंतर धृतराष्ट्राने पांडवांचे सर्वस्व परत केले. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले; पण पुन्हा बोलावणे आले आणि धर्मराज मागे फिरला. ज्याची शिस्त जगाने वाखाणली, त्याची ही गती. मग महाविद्यालयीन युवकाच्या 'नियोजना'चा काय पाड?

अडकलेल्या पैशांसाठी दाद तरी कोठे मागणार? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करारच निरर्थक ठरतो. जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. त्यातून अशा अनेक जाळ्यांची सूत्रे परदेशात. प्रत्यक्ष देवाधिदेवाचे नाव धारण करणाऱ्या 'महादेव' ॲपचे प्रवर्तक दुबईतून कारभार चालवीत असल्याचा आरोप सक्तवसुली संचालनालयाने केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने या ॲपसह २२ बेकायदा ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले.

सट्टा अधिकृत करून कर घ्यावा, असे म्हणणारेही आहेत. २०१६ मध्ये लोढा समितीने क्रिकेट सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली होती. पण घरातील लक्ष्मी बाहेर जाताना तिच्यावर शासनाची मोहोर उमटली, म्हणून घर वाचते काय? संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत करून याचे उत्तर दिले. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नुसत्या खेळणाऱ्यास मात्र त्याने शिक्षा ठेवलेली नाही.

म्हणूनच आता लपविण्याचे कारण उरलेले नाही. अडकलेली रक्कम सोडविण्यासाठी आणखी रक्कम भरू नये. आपले बँक खाते कोणास 'भाड्याने' देऊ नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. घरातील वडीलधाऱ्यांनी रागावण्यापूर्वी ऐकून घ्यावे आणि कार्यकर्त्यांनी गृहसंपर्कात हा विषय संकोच न बाळगता काढावा.

ऋग्वेदातील अक्षसूक्त जुगाऱ्याला फासे टाकून शेती कसण्यास सांगते. कापूस आणि केळी पिकविणाऱ्या खान्देशाला हा उपदेश परका नाही. घामाचा दाम उशिरा मिळतो खरा. पण तो मागण्याचा हक्क असतो. सट्ट्यात तोही नाही!