दुरुस्तीची विद्या

तीन वर्षांपूर्वी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात १९९१ सालची एक जुनी बजाज चेतक स्कूटर आठ हजार रुपयांना विकत घेतली. स्नेह्यांनी यथेच्छ थट्टा केली. कुणी म्हणाले, पेन्शन कमी पडते काय. कुणी म्हणाले, भंगारवाल्याने आठशे दिले असते. स्कूटर फिरण्यासाठी घेतली असती, तर ही थट्टा रास्तच होती. मी ती शिकण्यासाठी घेतली होती. तेहेतीस वर्षे मी मुलांना विज्ञान शिकवले. ज्वलन, दाब, विद्युतप्रवाह यांच्या आकृत्या फळ्यावर सुबकपणे काढल्या. पण या तेहेतीस वर्षांत एक नटही स्वतःच्या हाताने सैल केलेला नव्हता. गाडी बंद पडली की ती ढकलत गॅरेजपर्यंत नेणे आणि बाकावर वर्तमानपत्र वाचत बसणे, एवढाच माझा यंत्रविद्येशी संबंध. ही लाज माझ्या एकट्याची असती, तर तिचा येथे उच्चार करण्याचे कारण नव्हते. ती आपल्या सबंध सुशिक्षित वर्गाची आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

चेतकची निवड मी भावनेच्या भरात केली नाही. पियाजिओ या इटालियन कंपनीशी असलेला व्हेस्पाचा परवाना-करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून ही स्कूटर बाहेर पडली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले गेले. पुढे अनेक वर्षे नंबर लावून ती मिळण्यास दहा दहा वर्षे वाट पाहावी लागे. एवढ्या प्रतीक्षेनंतर घरात आलेली वस्तू माणसे जिवापाड जपत. निदान प्लग काढून पुसणे तरी घरोघरी ठाऊक असे. त्या टंचाईचे गोडवे गाण्याची माझी मुळीच इच्छा नाही. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ते यंत्र उघडता यावे, अशाच रीतीने बनवलेले होते. चार-सहा पाने, एक पकड आणि एक स्क्रू ड्रायव्हर हाताशी असला की त्याचे बरेचसे अंतरंग कोणापुढेही उलगडू शकते. आरंभ करणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही.

हातांची शाळा

अर्थात गुरू यंत्राइतकाच माणूसही होता. आमच्या गावी एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत एक मिस्त्री पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षे काम करीत आहेत. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली. सारे त्यांना वस्ताद म्हणतात. मीही म्हणू लागलो. ते मला गुरुजी म्हणतात, आणि या उलटसुलट संबोधनाची गंमत आम्हा दोघांनाही कळते.

वस्तादांचा पहिला धडा असा, की पाना उचलण्याआधी प्रश्न विचारावा. इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि दाब. गाडी सुरू होत नसेल, तर या तिघांपैकी कोण गैरहजर आहे, हे आधी शोधावे. काही किका मारून प्लग काढून पाहावा. तो ओला असेल, तर पेट्रोल येते आहे, दोष बहुधा ठिणगीत. कोरडा असेल, तर पेट्रोलच पोहोचत नाही. प्लग वायरीला जोडून इंजिनच्या धातूला टेकवावा, जवळपास पेट्रोल सांडलेले नाही ना ते पाहावे आणि किक मारावी. निळसर ठिणगी दिसली पाहिजे. प्लगचे टोक काजळीने काळे झाले असेल, तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जाते आहे. पांढरे पडले असेल, तर इंजिन गरम चालते आहे. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल, तर सर्व ठीक. वर्गात ‘निरीक्षण, अनुमान, पडताळा’ असे तीन शब्द मी शेकडो वेळा लिहिले होते. ते प्रत्यक्षात पाहिले ते या शेडमध्ये.

चुका करण्यात मी कसूर केली नाही. कार्बोरेटरमधील जेट हा पितळेचा एक लहानसा तुकडा असतो आणि त्याचे भोक केसाएवढे बारीक असते. त्यात कचरा अडकला असे वाटून मी ते तारेने साफ केले. भोक मोठे झाले. पुढचा महिनाभर स्कूटर दारुड्याप्रमाणे पेट्रोल पीत राहिली आणि धूर ओकत राहिली. जेट हवेच्या झोताने साफ करायचा असतो, तारेने नव्हे, हे ज्ञान मला नव्या जेटच्या किमतीला पडले. दुसरी चूक जिवावर बेतली असती. चेतकच्या चाकाची रिम दोन अर्धांची असून ती नटांनी जोडलेली असते. पंक्चर काढण्यासाठी मी हवा पुरती न सोडताच ते नट सैल करू लागलो. वस्ताद ओरडले आणि त्यांनी माझा हात धरला. आत दाबाखाली असलेली ट्यूब त्या लोखंडी अर्धांना क्षणात उडवते आणि समोरच्याचे तोंड फोडते. दाबाचे सूत्र मला पाठ होते, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. तेव्हापासून ब्रेक आणि चाक यांचे काम मी एकट्याने करीत नाही. ते झाल्यावर वस्तादांनी एकदा हात फिरवल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढीत नाही. शिकणाऱ्याचे धैर्य त्याच्या एकट्याच्या जिवावर चालू शकते. रस्त्यावर चालणाऱ्या इतरांच्या जिवावर ते चालवण्याचा त्याला अधिकार नाही.

झाकणाचे छिद्र

पहिल्या वर्षी एका विकाराने मला जेरीस आणले होते. स्कूटर पाच-सहा किलोमीटर उत्तम चाले आणि मग दम तोडल्यासारखी बंद पडे. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू. तेव्हा वस्ताद गावाला गेले होते, म्हणून शहरातील एका मोठ्या गॅरेजात ती नेली. त्यांनी कार्बोरेटर बदलण्यास सांगितले, मी बदलला. गुण आला नाही. मग म्हणाले, इंजिनच बोअर करावे लागेल, नवा पिस्टन बसवावा लागेल. खर्चाचा आकडा स्कूटरच्या किमतीच्या जवळपास होता.

वस्ताद परत आले. त्यांनी माझ्यामागे बसून सहा किलोमीटर प्रवास केला. गाडी बंद पडताच खाली उतरून त्यांनी पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले. ‘फस्स’ असा आवाज झाला. किक मारली, गाडी सुरू. टाकीतील पेट्रोल जसजसे खाली जाते, तसतशी तिची जागा घेण्यास बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला एक सूक्ष्म छिद्र असते. ते धुळीने बुजले होते. हवा आत येईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. टाचणीने छिद्र मोकळे झाले. वस्तादांनी चहाखेरीज काही घेतले नाही. एवढेच म्हणाले, “गुरुजी, पार्ट बदलायला पाना लागतो. कुठला पार्ट बदलायचा नाही, हे कळायला डोकं लागतं.”

वातावरणाच्या दाबाचा धडा मी प्रतिवर्षी शिकवीत असे. पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो उलटा धरण्याचा प्रयोग तर माझा हातखंडा. तरीही सहा महिने मी त्या झाकणावर रोज हात ठेवीत होतो आणि मला काही सुचले नाही. मग प्रश्न पडतो, की आम्हा दोघांपैकी सुशिक्षित कोण?

कोणाचे ज्ञान, कोणाची प्रतिष्ठा

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला आणि त्यात शेतीसारख्या प्रत्यक्ष उपयोगाच्या ज्ञानालाही स्थान मागितले. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात होऊ न दिलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्था कष्ट करणाऱ्यांनाच कशी एकमेकांपासून तोडते, याची मीमांसा केली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया मानणारी नई तालीम मांडली. या तिघांची नावे आपण एका दमात घेतो. परंतु हाताला काळे लावून घेणारा तो खालचा आणि कागदावर काळे करणारा तो वरचा, ही उतरंड आपल्या मनातून गेलेली नाही. बलुतेदारीतील लोहार-सुताराच्या कौशल्यावर गाव चालत असे आणि तरी त्याचे स्थान गावाच्या पंगतीत दूरचे असे. आजचा मिस्त्री त्याच परंपरेचा वारसदार आहे. बलुते गेले, रोख पैसे आले, मान मात्र आला नाही.

त्याच वेळी गॅरेजविषयी भाबडेपणाही नको. वस्ताद स्वतः बाराव्या वर्षी पाने पुसण्यास लागले आणि मार खात शिकले. ते हे अभिमानाने सांगत नाहीत. १९८६ च्या बालकामगार कायद्याखाली मोटार गॅरेजे धोक्याच्या व्यवसायांत गणली गेली आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना घरच्या धंद्यातील मदतीसारखे अपवाद वगळता कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. तरीही रस्त्याकडेच्या शेडमध्ये ‘छोटू’ दिसतोच. विद्या मोलाची आहे म्हणून ती मिळवण्याची जुनी किंमतही मान्य करावी, असे नाही. मुलाला शाळाही मिळाली पाहिजे आणि शाळेत पानाही मिळाला पाहिजे.

कुलूपबंद यंत्रे

आता खरा मुद्दा. माझी स्कूटर मला उघडता येते. माझ्या पुतण्याची नवी गाडी वस्तादांनाही पुरती उघडता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ प्रदूषणमान लागू झाले आणि दुचाकींतूनही कार्बोरेटर जाऊन बहुतांशी संगणक-नियंत्रित इंधन-फवारणी आली. ती आवश्यकच होती. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो, वर ऑइलचा धूर. माझ्या चेतकमागे चालणाऱ्या माणसाचा खोकला मी नाकारू शकत नाही आणि म्हणून ती मी क्वचितच रस्त्यावर काढतो. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क दुचाकीसाठी २०२२ साली ३०० वरून १,००० रुपये झाले, याची तक्रारही मी करणार नाही. हवा सर्वांची आहे.

पण स्वच्छ इंजिन ही एक गोष्ट आणि बंदिस्त ज्ञान ही दुसरी. इंजिनातील दोष संगणक सांगत असेल, तर ते सांगणे गाडीच्या मालकाला आणि त्याच्या मिस्त्रीला वाचता का येऊ नये? भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार-कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तके आणि तपासणीची उपकरणे त्या स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. दंडाविरुद्ध अपिले झाली आणि प्रकरण रेंगाळले. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टलही उघडले. पोर्टल म्हणजे माहिती; हक्क नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी प्रचंड बहुमताने मोटार-दुरुस्तीचा हक्क कायद्यात आणला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे मागता येते, ते आपण मागू नये काय?

हा केवळ ग्राहकाच्या खिशाचा प्रश्न नव्हे. दुरुस्ती कंपनीच्या चार भिंतींत कोंडली गेली, की गल्लीतील शेड बंद पडते. शेड बंद पडली, की वस्तादांचे चाळीस वर्षांचे ज्ञान एका पिढीत मातीला मिळते आणि तेथे शिकू शकणारा तरुण कंपनीच्या काउंटरवर ‘पार्ट बदला’ एवढेच सांगण्यास उभा राहतो. मालकी त्याची नाही, हे आपल्या ओळखीचे आहे. आता समजही त्याची उरणार नाही. उत्पादनाच्या साधनांविषयी आपण पुष्कळ बोललो. दुरुस्तीच्या साधनांविषयी बोलण्याची वेळ आली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक: दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे रास्त दरात सर्वांना देणे बंधनकारक करणारा कायदा मागावा. दोन: प्रमाणपत्र नसलेल्या मिस्त्रींच्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यांना मान्यता आणि नव्या तंत्राचे मोफत शिक्षण शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मिळावे. ज्या गावी अशी संस्था आहे, तेथे ही मागणी उद्याच करता येईल. तीन: आपल्या शिबिरांत श्रमदान असते, बौद्धिक असते; एक तास दुरुस्तीचा असावा आणि तो घेण्यास गावातील मिस्त्रीला सन्मानाने, मानधन देऊन बोलवावे.

तिसऱ्या गोष्टीला ना सरकार लागते, ना निवडणूक. गेल्या मे महिन्यात आमच्या तालुक्याच्या शिबिरात आम्ही ती करून पाहिली. वस्ताद आधी यायलाच तयार नव्हते, म्हणाले, “मला भाषण येत नाही.” भाषण नकोच होते. त्यांनी माझ्या चेतकचा प्लग काढला, वीस मुलामुलींच्या हातांतून फिरवला आणि प्रत्येकाला विचारले, “रंग कुठला दिसतो? का?” तासाचे दोन तास झाले. शेवटी नेहमीप्रमाणे आभार मानण्यास मी उभा राहिलो, तेव्हा माझी नखे काळी होती आणि समोरच्या वीसजणांचीही.