विद्येचे एकत्र कुटुंब

युरोपातील संशोधन-प्रकल्पांविषयीचे लेखन भाषांतरासाठी हाती घेतले की ‘कन्सॉर्टियम’ हा शब्द पदोपदी भेटतो. मराठीत त्याला ‘भागीदार-संघ’ म्हणता येईल. परंतु त्या शब्दाचे मूळ अधिक घरगुती आहे. प्राचीन रोमन कायद्यात पित्याच्या पश्चात भावांनी वाटणी न करता एकत्र राखलेल्या मिळकतीच्या व्यवस्थेस हेच नाव दिले जाते. म्हणजे आपले एकत्र कुटुंबच म्हणा ना! आणि एकत्र कुटुंब म्हटले की दोन प्रश्न ओघानेच येतात : घरचा कर्ता कोण, आणि हिशेब कोणाच्या हाती? युरोपात ही दोन्ही कामे पुष्कळदा एखाद्या विद्यापीठाच्या शिरावर येतात. ती कशी पार पडतात, हे एकाच दिवशी जन्मलेल्या दोन प्रकल्पांच्या कहाणीवरून चांगले ध्यानात येते.

२८ जानेवारी २०१३ रोजी युरोपीय आयोगाने दोन महाप्रकल्पांची घोषणा केली. प्रत्येकाची मुदत १० वर्षे, आणि अपेक्षित खर्च सुमारे १ अब्ज युरो. एक प्रकल्प ग्राफीन या पदार्थाचा. त्याचे कर्तेपण स्वीडनमधील गोथेनबर्गच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठाकडे आले. दुसरा मानवी मेंदूच्या अभ्यासाचा. त्याची धुरा स्वित्झर्लंडमधील लोझानच्या संघीय तंत्रविद्यापीठाने घेतली.

ग्राफीन म्हणजे काय? आपल्या मुलांच्या शिसपेन्सिलीत जे ग्रॅफाइट असते, त्याचा केवळ एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. कार्बनचे अणू त्यात मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी मांडणीत बसलेले असतात. तो पोलादाहून कितीतरी पट बळकट असून विजेचा उत्तम वाहक आहे. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलून तो वेगळा केला, आणि २०१० साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोघेही जन्माने रशियातले, मँचेस्टरला येण्यापूर्वी नेदरलँड्समध्ये एकत्र काम केलेले. शोधालाच अशी अनेक देशांची माती लागलेली होती.

परंतु शोध लावणे निराळे आणि त्याचे फळ पदरात पाडणे निराळे. पेटंटांच्या संख्येत चीन, दक्षिण कोरिया आणि अमेरिका हे देश लवकरच ब्रिटनच्या पुढे निघून गेले. विहीर खणली एकाने आणि मळा फुलला दुसऱ्याचा, असे होऊ नये म्हणून युरोपाने हा प्रकल्प मांडला.

आता हे चाल्मर्स विद्यापीठ पाहा. त्याचा संस्थापक विल्यम चाल्मर्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक. हे नाव ऐकताच आपल्या कपाळाला आठी पडेल. पण ही कंपनी स्वीडनची, आणि तिचा मुख्य व्यापार चीनच्या चहाचा. १८११ साली मरण पावलेल्या या व्यापाऱ्याने आपल्या संपत्तीचा मोठा वाटा गरीब मुलांच्या उद्योगशाळेसाठी ठेवला. १८२९ साली ती शाळा सुरू झाली. तीच पुढे विद्यापीठ बनली आणि वीसहून अधिक देशांतील दीडशेहून अधिक संस्थांच्या परिवाराची कर्ती झाली.

हे कर्तेपण म्हणजे मानाची पगडी नव्हे. सर्वसाधारण युरोपीय सहकार्य-प्रकल्पात किमान ३ निरनिराळ्या देशांतील ३ संस्था लागतात. अनुदानाची रक्कम प्रथम समन्वयक संस्थेकडे येते. ती भागीदारांना वेळेवर वाटणे, अहवाल गोळा करणे, आयोगाला उत्तर देणे ही कामे तिचीच. शिवाय भागीदारांना आपसांत करार करावा लागतो. कोणी कोणते ज्ञान आधीपासून सोबत आणले आणि नव्या शोधांचा उपयोग इतरांना कोणत्या अटींवर करता येईल, हे त्यात आधीच लिहिले जाते. सामान्य नियम असा, की ज्याच्या हातून शोध लागला, त्याची त्यावर मालकी. घरात गोडी टिकवायची असेल तर हिशेब आधी लिहावा, हे आपल्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक होते.

लोझानच्या प्रकल्पाला या शहाणपणाची किंमत फार लवकर कळली. २०१४ च्या जुलै महिन्यात शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी आयोगाला जाहीर पत्र लिहिले. प्रकल्पाची दिशा संकुचित आहे, संज्ञानाचा अभ्यास गाभ्यातून वगळला गेला आहे आणि निर्णय मोजक्या माणसांच्या हाती आहेत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. अखेर मध्यस्थ नेमावा लागला. २०१५ साली तीन जणांची कार्यकारी समिती बरखास्त होऊन कारभार अधिक हातांत वाटला गेला. तेथे बुद्धीची किंवा पैशाची वाण नव्हती. धाकट्यांचे म्हणणे वेळीच ऐकून घेणारा कान तेवढा कमी पडला. कारभार सुधारल्यावर तोही प्रकल्प २०२३ पर्यंत चालला.

ग्राफीनच्या परिवारावर वेगळा प्रसंग आला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि संघाच्या २०२१ ते २०२७ या नव्या संशोधन-योजनेतील त्याचा सहभाग रखडला. १ जानेवारी २०२४ पासून तो पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात राजकारणाने दरवाजे ओढून घेतले, तरी संशोधकांचे परस्परांशी असलेले नाते तुटले नाही. प्रकल्पातील वैद्यकीय संशोधनातून पुढे बार्सिलोनात ‘इन्ब्रेन’ ही कंपनी निघाली. तिने घडवलेली ग्राफीनची पातळ पट्टी २०२४ साली एका रुग्णाच्या मेंदूवर, गाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, प्रथमच ठेवून पाहण्यात आली. हा प्रयोग झाला तो मँचेस्टर विद्यापीठाच्याच पुढाकाराने. माहेरचे बी वीस वर्षांनी फळ घेऊन माहेरी परतले!

ग्राफीनने सर्वच आशा पुऱ्या केल्या असे मात्र नाही. प्रयोगशाळेपासून बाजारापर्यंतची वाट लांबच आहे. पण त्या वाटेवर चालणारी माणसे तयार झाली, हेही उत्पन्न लहान नव्हे.

या गोष्टीशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. भारत आणि युरोपीय समुदाय यांच्यात २००१ साली विज्ञान-सहकार्याचा करार झाला. मेरी स्क्लोडोव्हस्का-क्युरी यांच्या नावाने युरोपात दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांचा लाभ घेणाऱ्यांत भारतीय तरुण-तरुणींची संख्या लक्षणीय आहे. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरातील मुलगी कदाचित अशाच परिवारात आज काम करीत असेल. परतल्यावर तिने काय आणावे? नवे यंत्र, नवे तंत्र तर आणावेच. पण परक्या माणसांशी एका ताटात जेवण्याची, आपला हिशेब उघडा ठेवण्याची आणि मतभेद असूनही काम पुरे करण्याची सवय आणली, तर आपल्या विद्यापीठांना तिचा अधिक उपयोग होईल. कारण एकत्र कुटुंब मिळकतीच्या बळावर टिकत नाही. ते कर्त्याच्या समजुतीवर आणि सर्वांच्या विश्वासावर टिकते.