म्हणे डीएनएमध्येच आहे!

"क्वालिटी आमच्या डीएनएमध्येच आहे" असं मॅनेजमेंटमधलं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. डीएनए म्हणजे एकदा कोरलं की झालं, असं वाटतं की काय या लोकांना?

सायटोसिनचंच बघा. डीएनएच्या चार अक्षरांपैकी हे एक. पेशीतल्या पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याचा अमिनो गट गळतो आणि त्याचं युरॅसिल होतं. एकेका पेशीत रोज शंभरेक वेळा! तरी मजकूर धड राहतो, कारण एक एन्झाइम चोवीस तास युरॅसिल हुडकून काढतं आणि बाकीची टीम तिथे परत सायटोसिन बसवते. टॉमस लिंडाल यांनी १९७४ मध्ये ते शोधलं. डीएनए-दुरुस्तीच्या कामासाठी २०१५ च्या नोबेलमध्ये ते एक मानकरी होते. मिथाइल गट लागलेलं सायटोसिन बिघडलं तर मात्र थेट थायमिन होतं, म्हणजे डीएनएचंच अधिकृत अक्षर. ती चूक पकडणं अवघड. कॅन्सरमधली कितीतरी म्युटेशन्स इथलीच.

थोडक्यात काय, डीएनए टिकतो तो कोरलेला आहे म्हणून नाही, रोज दुरुस्त होतो म्हणून. तेव्हा साहेब, अप्रेजलच्या वेळी मेंटेनन्सवाल्यांना रांगेत शेवटी उभं करायचं तर खुशाल करा. फक्त मग डीएनएचं नाव घेऊ नका.