स्ट्रॉबेरी आपल्या हवेची हवी

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिथल्या ‘विंटर डॉन’, ‘स्वीट चार्ली’ या जाती मूळच्या अमेरिकेतील फ्लोरिडाच्या. दिवस लहान आणि हवा थंड असली की त्यांना फुले येतात. उष्मा वाढला की फुले घटतात, नुसते रनर पसरतात. दमट हवेत बुरशी धरते, मग फवारणी वाढते. हे फळ सालासकट खाल्ले जाते, म्हणून हा प्रश्न आरोग्याचाही आहे. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत सुमारे ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते; त्याबरोबर फवारणीचे अंश पोटात जाऊ नयेत. उष्मा सोसणाऱ्या, बुरशीला दाद न देणाऱ्या जाती इथेच तयार व्हायला हव्यात. त्याला अनेक वर्षे लागतात, म्हणूनच संशोधनाला पैसा आजच हवा. तोवर फळे वाहत्या पाण्याखाली नीट धुऊनच खावीत.